हार्डवेअर वॉलेट लॅपटॉपला जोडताना: छोट्या पडद्यावर काय वाचायचं

हार्डवेअर वॉलेट, म्हणजे क्रिप्टो नाण्यांची किल्ली सांभाळणारं छोटं यंत्र, घरी येतं, डबा उघडला जातो, केबल हातात घेतली जाते आणि तिथेच बरेच जण अडतात. नातेवाइकांना, ओळखीच्यांना ही यंत्रं सुरू करून देताना मी एकच प्रश्न सगळ्यात जास्त वेळा ऐकलाय: "आमच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस असला तर? जोडल्या जोडल्या सगळं जाईल का?"

नाही जात. व्हायरस असलेल्या संगणकालाही जोडता यावं, यासाठीच तर हे यंत्र बनवलंय. तुमच्या बिटकॉइनची किंवा इथरची खासगी किल्ली (नाणी खर्च करायला लागणारा गुप्त आकडा) यंत्रात तयार होते आणि यंत्रातच राहते. संगणक व्यवहाराचा मसुदा करतो, केबलमधून यंत्राकडे पाठवतो, यंत्र त्यावर सही करतं आणि सही केलेला व्यवहार परत देतं. संगणकाचं काम कारकुनाचं: कागद समोर ठेवायचा, सही झाली की उचलून न्यायचा. सही करणं त्याच्या हातात नाही. पण समोर ठेवलेला कागद बदलणं त्याच्या हातात आहे. सही करणारा कागद न वाचताच बटण दाबत असेल, तर किल्ली कितीही जपलेली असून उपयोग होत नाही.

म्हणून पुढे मी पुन्हा पुन्हा एकाच गोष्टीवर येणार आहे. लॅपटॉपचा पडदा खोटं दाखवू शकतो असं धरून चाला, आणि खरं काय ते यंत्राच्या छोट्या पडद्यावर वाचा.

उदाहरणासाठी ट्रेझर सेफ ३ आणि विंडोजचा लॅपटॉप घेतलाय. प्रागच्या सतोशीलॅब्सनं पहिलं ट्रेझर २०१४ मध्ये बाजारात आणलं, सेफ ३ आलं २०२३ मध्ये. यूएसबी-सी पोर्ट, दोन बटणं, बोटाच्या पेराएवढा पडदा, आत बॅटरी नाही. फ्रान्सच्या लेजर कंपनीची यंत्रं जिथे वेगळी वागतात, तिथे तसं सांगेन.

विकत घेतानाच अर्धी लढाई

जोडण्याच्या लेखात खरेदीबद्दल का बोलायचं? कारण यंत्रच खोटं असेल तर त्याच्या पडद्यावर भरवसा ठेवण्याला अर्थ उरत नाही.

मे २०२३ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीनं एका खोट्या ट्रेझर मॉडेल टीची तपासणी प्रसिद्ध केली. यंत्र बाहेरून अस्सल दिसत होतं, होलोग्रामचे स्टिकर जागेवर होते. आतली चिप मात्र बदललेली होती. नवं वॉलेट तयार करताना ते यंत्र खरोखरचे नवे रिकव्हरी शब्द (ज्यांच्यावरून किल्ली पुन्हा तयार करता येते ते इंग्रजी शब्द) काढतच नव्हतं. चोरांनी आधीच ठरवलेल्या २० संचांपैकी एक दाखवत होतं. मालकाचे १.३३ बिटकॉइन गेले, तेही यंत्र कशालाही जोडलेलं नसताना. मार्च २०२५ मध्ये लेजरच्या संशोधन पथकानं दाखवलं की ट्रेझर सेफ ३ प्रत्यक्ष हातात असेल, तर त्यातल्या मुख्य चिपवर विद्युतदाबाचा खेळ करून छेडछाड करता येते. घरात बसलेल्या ग्राहकाला याची रोजची भीती नाही, पण कारखान्यापासून तुमच्या दारापर्यंत यंत्र कुणाकुणाच्या हातातून गेलं, हे का महत्त्वाचं ते यावरून कळतं.

तेव्हा कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्या, किंवा कंपनीनं तिथे ज्यांची नावं दिली आहेत अशाच विक्रेत्याकडून. जुनं, "एकदाच वापरलेलं", जाहिरातीतून स्वस्तात मिळणारं यंत्र नको. अमेरिकेतला किंवा दुबईतला भाऊ आणून देणार असेल तर उत्तम, पण त्यानंही कंपनीकडूनच मागवावं आणि सीलबंद डबा तसाच आणावा. "मी सेट करून देतो" असं त्यानं प्रेमानं म्हटलं तरी नको म्हणा.

मागवताना घरच्या पत्त्याऐवजी कार्यालयाचा पत्ता देता आला तर द्या, आणि ईमेल वेगळा ठेवा. २०२० मध्ये लेजरच्या विक्रीचा डेटा फुटला. सुमारे २ लाख ७२ हजार ग्राहकांची नावं, घरचे पत्ते आणि फोन नंबर त्या डिसेंबरात उघड्यावर आले. त्यातल्या काहींच्या घरी २०२१ मध्ये "बदली यंत्र" म्हणून पार्सलं आली. आत छान छापलेलं पत्र, लेजरसारखंच यंत्र, आणि त्या यंत्राच्या पोटात जोडलेली पेनड्राइव्हची चिप. कंपनीनं न मागता पाठवलेलं यंत्र कधीच जोडायचं नाही.

लॅपटॉपची तयारी

व्हायरस असला तरी किल्ली सुटत नाही, हे खरं. म्हणून मुद्दाम घाणेरड्या लॅपटॉपवर काम करावं असं नाही. संगणक जितका स्वच्छ, तितक्या तुमच्यासमोर ठेवल्या जाणाऱ्या खोट्या गोष्टी कमी.

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर काढून टाका. फोटोशॉप असो की अकाउंटिंगचं, फुकटच्या क्रॅकबरोबर काय आत येतं ते कळत नाही. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारखी दुरून ताबा घेणारी ॲप्स काढा. एनीडेस्कच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. ब्राउझरमधली एक्स्टेन्शन्स पाहा, आणि ज्याचं काम आठवत नाही ते उडवा. विंडोजचे अपडेट पूर्ण करून एकदा रीस्टार्ट करा. ऑफिसचा लॅपटॉप वापरू नका, कारण तिथे काय चाललंय ते कंपनीच्या आयटी विभागाला दिसू शकतं. सायबर कॅफेचा तर विषयच नको.

केबलबद्दल थोडं. यंत्र जोडलं आणि काहीच होत नाही, यामागे बऱ्याचदा केबलच असते. स्वस्त चार्जरबरोबर येणाऱ्या काही केबलांत फक्त वीज नेणाऱ्या तारा असतात, माहिती नेणाऱ्या नसतात. यंत्राचा पडदा उजळतो, पण लॅपटॉपला ते दिसत नाही. डब्यातली केबल वापरा आणि हब न लावता थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये घाला.

सॉफ्टवेअर: गुगलवर शोधायचं नाही

ट्रेझरसाठी लॅपटॉपवर ट्रेझर सूट हे ॲप लागतं. लेजरचं ॲप वर्षानुवर्षं लेजर लाइव्ह म्हणून ओळखलं जायचं, २०२५ मध्ये कंपनीनं त्याला लेजर वॉलेट असं नवं नाव दिलं. जुन्या नावानं शोधणाऱ्यांना गाठायला चोर बसलेलेच असतात, म्हणून हा बदल लक्षात ठेवा.

ॲप उतरवताना शोधयंत्र वापरू नका. वर येणारे पहिले दुवे जाहिरातीचे असू शकतात आणि जाहिरात कुणीही विकत घेऊ शकतं. डब्यातल्या माहितीपत्रकावरचा पत्ता ब्राउझरच्या पट्टीत एकेक अक्षर बघून टाका: ट्रेझरसाठी ट्रेझर डॉट आयओ, लेजरसाठी लेजर डॉट कॉम. पान उघडलं की बुकमार्क करा, आणि पुढे कायम तिथूनच जा. ॲप स्टोअरवरही डोळे झाकून विसंबू नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत स्टोअरवर खोटं लेजर लाइव्ह सापडलं होतं, आणि ते काढेपर्यंत लोकांचे लाखो डॉलर गेले होते. एप्रिल २०२२ मध्ये तर ट्रेझरच्या ग्राहकांना खऱ्या मेलिंग यादीतूनच ईमेल गेले. यादी सांभाळणाऱ्या मेलचिंप या सेवेत चोर शिरले होते. ईमेलमध्ये लिहिलं होतं की ट्रेझरचा डेटा फुटलाय, लगेच नवं ॲप उतरवा. ते ॲप हुबेहूब ट्रेझर सूटसारखं होतं आणि सुरू झाल्यावर रिकव्हरी शब्द मागत होतं.

ईमेलमधल्या दुव्यावरून वॉलेटचं ॲप कधीच उतरवू नका, ईमेल कितीही खरा वाटो.

फाइल उतरली की चालवताना विंडोज परवानगीची खिडकी दाखवतं. तिथे प्रकाशकाचं नाव वाचा. "अज्ञात प्रकाशक" असं दिसलं तर तिथेच थांबा. ज्यांना थोडी तांत्रिक सवय आहे त्यांनी एक पायरी पुढे जावं: ट्रेझर आपल्या फाइलींबरोबर डिजिटल सही देतं आणि लेजर फाइलींचे हॅश (फाइलवरून काढलेले, बोटाच्या ठशासारखे आकडे) प्रसिद्ध करतं. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये आपल्या फाइलचा हॅश काढून तो कंपनीच्या पानावरच्या हॅशशी जुळवायला पाच मिनिटं लागतात. मोठी रक्कम ठेवणार असाल तर ही पाच मिनिटं द्या.

पहिली जोडणी

दार लावून, निवांत वेळ काढून बसा. व्हिडिओ कॉलवर कुणाला दाखवत ही पायरी करू नका, आणि लॅपटॉपचा कॅमेरा झाकून घ्या. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवला तर शब्दांचा फोटो काढायचा मोहही होत नाही.

१. डबा आणि यंत्र न्याहाळा. सेफ ३च्या पोर्टवर होलोग्रामचं सील असतं. ते फाटलेलं, पुन्हा चिकटवल्यासारखं असेल तर जोडू नका, कंपनीला कळवा. लेजरच्या डब्यावर मुद्दामच असं सील नसतं, कारण सीलची नक्कल करता येते असं त्यांचं म्हणणं; त्यांची मदार जोडल्यानंतरच्या तपासणीवर आहे. कॅस्परस्कीचं उदाहरण बघता सील शाबूत म्हणजे सगळं शाबूत, असंही समजू नका.

२. डब्यात शब्द आधीच लिहिलेलं कार्ड, खरवडायची पट्टी किंवा ठरवून दिलेला पिन निघाला, तर यंत्र खोटं आहे. खऱ्या यंत्राबरोबर येणारी कार्डं कोरी असतात. याला एकही अपवाद नाही.

३. आधी ट्रेझर सूट उघडा, मग यंत्र जोडा. जोडल्यावर लॅपटॉपमध्ये पेनड्राइव्हसारखा नवा ड्राइव्ह दिसला आणि त्यात "हे चालवा" अशी फाइल असली, तर केबल ताबडतोब काढा. ट्रेझर आणि लेजर स्वतःला पेनड्राइव्ह म्हणून दाखवत नाहीत.

४. नवं ट्रेझर फर्मवेअरशिवाय, म्हणजे यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरशिवाय, येतं. सूट ते पहिल्यांदाच यंत्रात टाकतं. "यात आधीच फर्मवेअर आहे" असं सूट सांगत असेल आणि यंत्र तुम्ही आजच उघडलेलं असेल, तर ते कुणीतरी आधी वापरलंय. परत पाठवा.

५. यानंतर सूट यंत्र अस्सल आहे का ते तपासतं. सेफ ३ मधल्या सुरक्षा चिपमध्ये कारखान्यातच प्रमाणपत्र ठेवलेलं असतं. सूट एक आव्हान पाठवतं आणि चिप त्यावर सही करून देते. लेजरमध्येही अशीच तपासणी होते. ही पायरी ओलांडून पुढे जायचा पर्याय दिसला तरी ओलांडू नका.

६. "नवं वॉलेट तयार करा" निवडा. कार्डावर सापडलेले किंवा कुणी दिलेले शब्द वापरून वॉलेट "परत आणू" नका.

७. आता यंत्राच्या पडद्यावर एकामागून एक इंग्रजी शब्द येतील. नव्या ट्रेझरमध्ये साधारण २० शब्दांचा संच निघतो, हवं असेल तर १२ किंवा २४ शब्दांचाही निवडता येतो. लेजरचं नेहमीचं प्रमाण २४. इथे एक व्यवहारी गोष्ट: २० शब्दांचा संच लेजरवर परत आणता येत नाही. उद्या कंपनी बदलायची वेळ येईल असं वाटत असेल तर १२ किंवा २४ घ्या.

हे शब्द लॅपटॉपच्या पडद्यावर दिसत नाहीत, दिसायलाही नकोत. लॅपटॉपवर दिसले तर ॲप खोटं. पेन्सिलीनं स्वच्छ अक्षरात, क्रमांकासह कागदावर लिहा. सगळं स्पेलिंग लिहिलंत तर चांगलंच, पण प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं तरी नि:संशय वाचता यायला हवीत. शब्दांची यादीच अशी बनवलीय की पहिली चार अक्षरं दोन शब्दांत सारखी येत नाहीत.

८. पिन यंत्राच्या बटणांनीच टाका. जन्मतारीख, गाडीचा नंबर नको. लेजरवर तीनदा चुकीचा पिन टाकला की यंत्र स्वतःला कोरं करतं. घाबरायचं कारण नाही, शब्द असले की सगळं परत येतं.

शब्द हीच तिजोरी

एवढं झालं की लोकांना वाटतं, मौल्यवान वस्तू म्हणजे ते यंत्र. यंत्र गेलं तर नवं घेता येतं. शब्द दुसऱ्याच्या हाती पडले तर त्याला यंत्रही लागत नाही आणि पिनही.

फोटो काढायचा नाही. स्वतःलाच व्हॉट्सॲप करायचं नाही. ईमेलच्या ड्राफ्टमध्ये, एक्सेलमध्ये, गुगल ड्राइव्हवर ठेवायचं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्पार्ककॅट नावाचा उपद्रवी प्रोग्राम उघडकीला आला. तो गुगल प्ले आणि ॲपल ॲप स्टोअर दोन्हीकडच्या ॲप्समध्ये लपलेला होता आणि फोनच्या गॅलरीतले फोटो वाचून त्यात रिकव्हरी शब्द शोधत होता. गॅलरीत "लग्नाचे फोटो" नावाच्या फोल्डरमध्ये लपवलं म्हणून त्याच्यापासून सुटका नव्हती.

कागदाचे शत्रू आपल्याकडे वेगळे आहेत. कोकणातल्या दमटपणात कागद मऊ पडतो, शाई पसरते, म्हणून पेन्सिल. वाळवी लागलेल्या कपाटाचा अनुभव कितीतरी घरांना आहे. ऑगस्ट २०१९च्या पुरात सांगली-कोल्हापुरात तळमजल्यावरच्या कपाटांतली कागदपत्रं चिखलात गेली. रक्कम मोठी असेल तर शब्द स्टीलच्या पट्टीवर स्वतः ठोकून घ्या, कोरून देणाऱ्या दुकानदाराकडून नाही. दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी. आणि घरातल्या एका विश्वासू माणसाला त्या कुठे आहेत हे माहीत असू द्या. शब्द सांगायची गरज नाही, जागा सांगितली तरी पुरे.

मग रंगीत तालीम करा. ही पायरी बहुतेक जण टाळतात, आणि मी ती कुणालाच टाळू देत नाही. एकही रुपया आत नसताना यंत्र मुद्दाम पुसून टाका आणि कागदावरच्या शब्दांनी वॉलेट परत आणा. पुसण्याआधी नाणी मिळण्याचा पहिला पत्ता (खाते क्रमांकासारखी अक्षर-आकड्यांची माळ) लिहून ठेवा; परत आणल्यावर तोच पत्ता आला की कागद बरोबर आहे. पुढे अधूनमधून तपासायला ट्रेझर सूटमध्ये बॅकअप तपासायची सोय आहे, लेजरवर त्यासाठी रिकव्हरी चेक नावाचं वेगळं ॲप आहे.

शब्द टाकायचे ते यंत्रावरच. फक्त जुन्या ट्रेझर मॉडेल वनला शब्द टाकायची सोयीची बटणं नाहीत, म्हणून त्याची साधी पद्धत लॅपटॉपवर उलटसुलट क्रमानं शब्द टाइप करायला लावते. तिथेही प्रगत पद्धत निवडा. त्यात यंत्र स्वतःच्या पडद्यावर अक्षरांची सरमिसळ केलेली चौकट दाखवतं आणि लॅपटॉपवर तुम्ही फक्त कोऱ्या चौकटीतली जागा दाबता. लॅपटॉपला अक्षर कळत नाही.

पैसे घेताना आणि पाठवताना

तयारी एकदाच होते. यापुढे जे आहे ते दर वेळी करायचंय, आणि माणूस सैल पडतो तो इथेच.

समजा एक्स्चेंजवरून (नाणी विकत घ्यायच्या ऑनलाइन बाजारावरून) बिटकॉइन स्वतःच्या वॉलेटवर आणायचे आहेत. सूटमध्ये "मिळवा" निवडलंत की पूर्ण पत्ता यंत्राच्या पडद्यावर येतो. लॅपटॉपवरचा पत्ता आणि यंत्रावरचा पत्ता अक्षर न् अक्षर जुळवा. मग तो एक्स्चेंजच्या पानावर पेस्ट करा आणि पेस्ट झाल्यावर पुन्हा यंत्रावरच्या पत्त्याशी जुळवा. कॉपी आणि पेस्टच्या मधल्या क्षणात पत्ता बदलणारे व्हायरस वर्षानुवर्षं फिरताहेत. ८ सप्टेंबर २०२५ रोजी तर प्रोग्रामरांच्या रोजच्या वापरातल्या एनपीएम पॅकेजेसमध्ये (तयार कोडच्या संचांत) असाच कोड घुसवला गेला, जो ब्राउझरमध्ये गुपचूप पत्ते बदलायचा. त्या दिवशी लेजरच्या तंत्रज्ञान प्रमुखांनी लोकांना सांगितलं ते हेच: हार्डवेअर वॉलेट असेल तर सही करण्याआधी प्रत्येक व्यवहार नीट वाचा, नसेल तर तूर्त व्यवहारच करू नका.

पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघून पुढे जायची सवय सोडा. चोर तुमच्या नेहमीच्या पत्त्यासारखी सुरुवात आणि शेवट असलेले पत्ते मुद्दाम तयार करतात आणि त्यावरून तुमच्याकडे शून्य किंवा नगण्य रक्कम पाठवतात. म्हणजे इतिहासाच्या यादीत त्यांचा पत्ता बसतो आणि घाईत तुम्ही तोच कॉपी करता. मे २०२४ मध्ये एका माणसानं असाच पत्ता उचलला आणि सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलरची नाणी एका व्यवहारात चोराकडे गेली. त्यातली बहुतेक पुढे परत मिळाली, पण सगळ्यांचं नशीब असं नसतं. जुन्या व्यवहारांच्या यादीतून पत्ता घेऊ नका.

पहिल्यांदा छोटी रक्कम पाठवा. ती आली की थांबा, मग बाकीची. तारीख, रक्कम, ट्रान्झॅक्शन आयडी आणि मूळ खरेदीची किंमत एका वहीत लिहा. भारतात २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि खरेदीची किंमत वजा मिळायची असेल तर ती दाखवता यावी लागते.

पाठवताना यंत्र तीन गोष्टी दाखवतं: पत्ता, रक्कम आणि शुल्क. तिन्ही वाचा. पत्ता लांब असतो आणि पडदा छोटा, त्यामुळे तो दोन-तीन पानांत येतो. शेवटच्या पानापर्यंत जा. शुल्काचा आकडा विचित्र मोठा वाटला तर रद्द करा. रद्द करण्यानं काहीही बिघडत नाही.

इथेरियमवरच्या (इथर ज्यावर चालतं त्या जाळ्यावरच्या) सेवा वापरणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा आहे. मेटामास्कसारख्या ब्राउझरमधल्या वॉलेटला यंत्र जोडताना "हार्डवेअर वॉलेट जोडा" हाच पर्याय निवडा. काही जण सोपं वाटतं म्हणून "शब्दांनी आयात करा" निवडतात आणि यंत्राचे शब्द ब्राउझरमध्ये टाइप करतात. त्या क्षणापासून यंत्राचं काम संपलं. किल्ली आता ब्राउझरमध्ये आहे.

आणि आंधळी सही. गुंतागुंतीच्या कराराचा (इथेरियमवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामचा) व्यवहार यंत्राला उलगडता आला नाही, तर पडद्यावर आकडे-अक्षरांची माळ येते, किंवा "आंधळी सही सुरू करा" असा इशारा येतो. याची किंमत काय असू शकते ते दोन मोठ्या चोऱ्यांतून दिसतं. मुंबईत सुरू झालेल्या वझीरएक्स एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून १८ जुलै २०२४ रोजी सुमारे २३ कोटी डॉलर गेले. त्या वॉलेटला अनेकांच्या सह्या लागायच्या, आणि सह्या करणाऱ्यांकडे हार्डवेअर वॉलेट होती. लॅपटॉपच्या पडद्यावर दिसणारा व्यवहार आणि प्रत्यक्ष सही झालेला व्यवहार वेगळा होता, असं वझीरएक्सनं सांगितलं. चूक कुणाच्या यंत्रणेत झाली यावर ते आणि त्यांची वॉलेट सांभाळणारी कंपनी एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. माझ्या ओळखीतल्या कित्येकांचे पैसे त्यात महिनोन् महिने अडकले. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट एक्स्चेंजचे सुमारे दीड अब्ज डॉलर गेले. तिथे सह्या करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बाहेरच्या वॉलेट सेवेच्या संकेतस्थळाच्या कोडमध्येच बदल केला होता. सही करणाऱ्यांना लॅपटॉपवर नेहमीची हस्तांतरणाची नोंद दिसत होती, आणि ते सही करत होते वॉलेटचा ताबाच दुसऱ्याकडे देणाऱ्या बदलावर. किल्ल्या दोन्ही ठिकाणी यंत्रातच होत्या.

म्हणून साधा नियम ठेवा. यंत्राच्या पडद्यावर जे वाचून कळत नाही, त्यावर सही नाही. कुणाला किती रकमेपर्यंत हात घालायची परवानगी देताय ते पाहा. "अमर्याद" असं दिसलं तर बदला. प्रयोग करायचेच असतील तर त्यासाठी वेगळं, थोड्या पैशांचं वॉलेट ठेवा.

पासफ्रेज घ्यावा का?

शब्दांच्या संचाला तुम्ही ठरवलेला आणखी एक गुप्त शब्द जोडता येतो, तो म्हणजे पासफ्रेज. तो जोडला की पूर्ण वेगळं वॉलेट उघडतं. जानेवारी २०२० मध्ये क्रॅकेन एक्स्चेंजच्या सुरक्षा पथकानं ट्रेझर वन आणि मॉडेल टी हातात असताना सुमारे १५ मिनिटांत त्यातला शब्दसंच बाहेर काढता येतो हे दाखवलं होतं. पासफ्रेज यंत्रात साठवला जात नसल्यामुळे तो या हल्ल्यापासून वाचवतो. पण त्यातलं एक अक्षर विसरलात तर पैसे कायमचे गेले, कुणी परत मिळवून देऊ शकत नाही. रक्कम मोठी असेल आणि लिहून ठेवायची शिस्त असेल तरच घ्या, आणि टाकताना यंत्रावरच टाका, लॅपटॉपच्या कीबोर्डवर नाही.

जोडणी होत नसेल तर

केबल बदला, पोर्ट बदला. वॉलेट वापरणारा दुसरा प्रोग्राम उघडा असेल तर बंद करा. एका वेळी एकालाच यंत्राशी बोलता येतं, आणि लेजरचं ॲप उघडं असताना मेटामास्क अडतं ते यामुळेच. लेजरवर पिन टाकून त्या नाण्याचं ॲपही यंत्रात उघडावं लागतं. ब्राउझरमधून थेट जोडत असाल तर क्रोम, एज किंवा ब्रेव्ह वापरा. फायरफॉक्समध्ये ती सोय नाही. लिनक्सवर यूडेव्हचे (जोडलेलं यंत्र ओळखायचे) नियम बसवावे लागतात, ते कंपनीच्याच पानावरून घ्या.

एवढं करूनही जमलं नाही तर उद्या बघा. घाईत टेलिग्राम किंवा एक्सवर "मदत हवी" असं लिहू नका. माझ्या एका परिचितानं लिहिलं. दहा मिनिटांत "सपोर्ट"वाल्याचा संदेश आला, त्यानं एक पान उघडायला लावलं आणि "यंत्र सिंक करण्यासाठी" शब्द मागितले. अठरा शब्द टाकून झाल्यावर बायकोनं हटकलं म्हणून वाचला. खरा सपोर्ट शब्द मागत नाही. कधीच नाही, कुठल्याही कारणासाठी नाही.

फर्मवेअरचे अपडेट टाळू नका, पण ते सूटमधूनच करा. शब्दांचा कागद आधी शोधून समोर ठेवा, कारण क्वचित यंत्र कोरं होऊ शकतं. लॅपटॉप चार्ज केलेला असू द्या. यंत्राला स्वतःची बॅटरी नाही आणि मध्येच वीज गेली तर सगळं पुन्हा करावं लागेल. काम झालं की केबल काढा. पेनड्राइव्हसारखं "इजेक्ट" करायची गरज नाही, पण यंत्र दिवसभर जोडून ठेवायचीही नाही.

शब्द टाइप करून बसलात तर

झालं असेल तर पिन बदलून काही होत नाही. ते शब्द आता कायमचे बाद. यंत्रावर पूर्णपणे नवा शब्दसंच तयार करा आणि जुन्या पत्त्यांवरची सगळी नाणी त्या नव्या वॉलेटवर हलवा, आधी सगळ्यात मोठी रक्कम. दुसरं यंत्र हाताशी असेल तर नवा संच त्यावर काढा, म्हणजे जुन्या यंत्रावरून थेट पाठवता येईल. एकच यंत्र असेल तर तूर्त एक्स्चेंजवरच्या स्वतःच्या खात्यात पाठवा आणि मग शांतपणे यंत्र पुसून नव्यानं सुरुवात करा. इथे मिनिटं मोजायची असतात, कारण शब्द मिळाल्यावर चोराचा प्रोग्राम आपोआप काम करतो.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. ट्रान्झॅक्शन आयडी, चोराचे पत्ते आणि त्या पानाचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. तक्रार घेतल्यावर पैसे परत करतो म्हणून जो कुणी फोन करेल, तो दुसरा चोर आहे.

आणि एक काम हमखास राहून जातं: एक्स्चेंजवर सेव्ह केलेला जुना पत्ता पुसा, ज्यांना पैसे मागवायला तो दिला होता त्यांनाही कळवा. नाहीतर पुढच्या महिन्यात कुणीतरी त्याच पत्त्यावर पाठवतं.